डाव्या कडीचे दोन ठिपके

चौकट उघडायची नाही, असं वहिनींनी सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं. एकदा चहाच्या वेळी, एकदा आक्का बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा, आणि आता तिसऱ्यांदा, खाली कारखान्यात, अप्पांच्या टेबलापाशी, ती चौकट दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"आहे तशी द्या ना संग्रहालयाला," त्या म्हणाल्या. "काचेतून दिसतोय की बिल्ला. मागून बघून काय करायचंय कुणाला?"

आता हे अप्पांना सांगायचं म्हणजे कमालच झाली. ज्या माणसानं एकसष्टातली चाळीस वर्षं लष्करी बिल्ल्यांच्या पाठी वाचण्यात घालवली, त्याला म्हणायचं पाठ बघू नका. बिल्ला समोरून काय, कुणालाही कळतो. पलटण कुठली, काळ कुठला, पुस्तक उघडलं की झालं. अप्पांचा धंदा पाठीचा होता. पत्रा ठशाखाली दाबलेला आहे की साच्यात ओतलेला, कडी मूळची आहे की मागाहून झाळ वितळवून जोडलेली, मुलामा पहिला की दुसरा. गेल्याच महिन्यात एक वकील मखमलीच्या डबीत बिल्ला घेऊन आले होते, अस्सल, कुणाचा हात न लागलेला म्हणून. अप्पांनी तो तोंडासमोर धरून नुसता हाऽ केला. धातूवर वाफ धरली आणि विरली, पण घोड्याच्या मानेवर दोऱ्याएवढी एक रेघ तेवढी ओली राहिली. "मान मोडली होती याची," अप्पा म्हणाले. वकीलसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

पण हा बिल्ला वकिलाचा नव्हता. हा दादाचा होता. अप्पांच्या थोरल्या भावाचा. एक्केचाळीस वर्षांपूर्वी लढाईत दादा गेला, आणि त्याच्या सामानाबरोबर हा टोपीवरचा बिल्ला घरी आला, घोड्याच्या नालात उभा भाला असलेला. वहिनींनी तो दोन वर्षं पेटीत ठेवला, मग चौकटीत बसवून घेतला, आणि तेव्हापासून त्याची पाठ कुणी पाहिली नव्हती. पलटणीच्या संग्रहालयात आता लढाईत गेलेल्यांच्या नावांची भिंत उभी राहिली होती. दादाच्या नावाखाली त्याचाच बिल्ला लागायचा होता. संग्रहालयाच्या बाई चार वाजता तो न्यायला येणार होत्या आणि त्यासोबत तपासणीचा सहीनिशी कागद हवा होता. अशा कागदावर अप्पांची सही असली की पुढे कुणी प्रश्न विचारत नसे.

शेवटी वहिनींना त्यांच्या मुलानं पटवलं. त्याला घरीदारी सगळे पोस्टमास्तर म्हणत, कारण तो होताच पोस्टमास्तर. बेचाळीस वर्षांचा बाप्या, आज रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात भाषणाचा कागद ठेवून बसला होता. भिंतीच्या उद्घाटनाला तो बोलणार होता. "आई, पाच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला, आणि चौकट त्यानं आईच्या हातातून अलगद काढून घेतली. दारापाशी स्टूल होतं, त्यावर वहिनी जाऊन बसल्या.

आक्काची टकळी चालूच होती. ती अप्पांची थोरली बहीण, दोन गावं ओलांडून खास आजच्यासाठी आलेली. दादा लहानपणी कसा डाव्या हातानं जेवायचा आणि बाबा कसे ओरडायचे, हे ती बारकीला दहाव्यांदा सांगत होती. बारकी म्हणजे अप्पांची मुलगी. पंचवीस वर्षांची झाली, बापाच्या शेजारच्या टेबलावर बापाइतकंच बारीक काम करायला लागली, तरी नाव बारकीच राहिलं. तिनं वेळ वाचावा म्हणून कागद आधीच भरून ठेवला होता. 'दुरुस्ती: कोणतीही नाही. डावी कडी तुटलेली, यादीप्रमाणे.'

"न बघता भरलास?" अप्पा करवादले.

"यादी पाठ आहे अप्पा सगळ्यांना."

ते खरंच होतं. लष्कराकडून सामान आलं तेव्हा त्यासोबत यादी होती, आणि ती घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. घड्याळ एक, बंद. पाकीट एक, रिकामं. टोपीचा बिल्ला एक, मागची डावी कडी तुटलेली. मोठ्यानं वाचली होती ती अप्पांनीच, वीस वर्षांचे होते तेव्हा, याच खोलीत. वाचून झाल्यावर वडील म्हणाले होते, पुन्हा वाच.

अप्पांनी चौकटीचे चार खिळे उपटले, काच बाजूला ठेवली. बिल्ला लाखेच्या दोन थेंबांनी कापडावर चिकटवलेला होता. तो त्यांनी पातळ सुरीनं सोडवला. आधी चेहरा पाहिला. भाल्याच्या टोकावर मुलामा झिजलेला, जिथे टोपी काढता-घालताना अंगठा लागतो तिथेच झिजलेला. ठीक. कडा पाहिल्या. हाऽ केलं, वाफ सगळीकडून सारखी विरली. ठीक. मग बिल्ला उलटा केला.

एक कडी. दोन कड्या.

क्षणभर त्यांना काहीच वावगं दिसलं नाही. अशा बिल्ल्याला दोन कड्या असतातच, त्यांतून आडवी पिन घालून तो टोपीला अडकवतात. आयुष्यभर दोनच पाहिल्या. मग यादी आठवली.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. डाव्या कडीच्या पायाशी झाळ होती, स्वच्छ, जेवढी हवी तेवढीच. आणि झाळीच्या शेजारी पत्र्यावर टोकदार पोलादी पंचानं ठोकलेले दोन ठिपके होते, मोहरीहून बारीक. दुसरा पहिल्यापेक्षा किंचित खाली उतरलेला.

त्या कारखान्यात एकच नियम होता, वडिलांनी घातलेला. दुरुस्ती करा, जगातली सगळ्यांत सुंदर करा, पण लपवू नका. सांधा दिला की त्याच्या शेजारी ठिपका द्यायचा, म्हणजे पुढे कुणाच्याही हातात बिल्ला गेला तरी त्याला कळेल की इथे हात लागलाय, आणि कुणाचा लागलाय. वडिलांचा एक ठिपका. दादाचे दोन. अप्पांचे तीन. बारकीचे चार. संग्रहालयात बिल्ल्यांच्या दालनात हा तक्ताच लावलेला होता, बाईंनी तीन वर्षांपूर्वी अप्पांकडून लिहून घेतलेला.

"काय लिहू?" बारकीनं पेन सरसावून विचारलं.

अप्पांनी बिल्ला आणि भिंग तिच्याकडे सरकवलं. ती वाकली, आणि बघता बघता तिचा हात थांबला.

"कडी जोडलेली आहे," ती म्हणाली. "दोन ठिपके आहेत. दोन म्हणजे मोठे काका ना?"

"मग बरोबरच आहे," आक्का म्हणाली. "दादाचा बिल्ला, दादानं दुरुस्त केला. जायच्या आधी केला असेल."

"आत्या, बिल्ला घरी आला तेव्हा कडी तुटलेली होती."

आक्काचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. पोस्टमास्तर आधी हसला, मग हसू त्याच्या तोंडावर तसंच अडकून बसलं. खोलीतली चार माणसं एकच साधा हिशेब करत होती, आणि चौघांनाही तो सुटत नव्हता.

आक्कानंच पहिली वाट काढली. बाबांनी केलं असेल, ती म्हणाली, लेकाच्या आठवणीत त्याचे ठिपके दिले असतील. अप्पांनी मान हलवली. वडील दुसऱ्याचा ठिपका मारणारे नव्हते, जीव गेला तरी. आणि हा दुसरा ठिपका खाली उतरलेला होता. दादा पंच डाव्या हातात धरायचा, त्याचा दुसरा ठिपका नेहमी असाच घसरायचा. वडिलांनी त्यासाठी त्याच्या बोटांवर पट्टी मारली होती, तरी सुधारला नाही. आणि झाळ? ती तर अप्पा झोपेतही ओळखतील. काळपट, जरा जाडसर, वडिलांच्या हातची मिसळ. ती बाहेर कुठे मिळतच नसे. डबा याच खोलीत, याच फळीवर असायचा.

"म्हणजे हे काम इथे झालंय," अप्पा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "बिल्ला घरी आल्यानंतर. या टेबलावर."

पोस्टमास्तर आईकडे वळला. नुसता "आई?" म्हणाला.

वहिनी स्टुलावरून उठल्या नाहीत. चौसष्ट वर्षांची ती बाई, एवढ्या वर्षांत जिचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता, ती गुडघ्यांवर हात ठेवून सरळ समोर बघत होती.

"म्हणून म्हणत होते, उघडू नका," त्या म्हणाल्या. "ते आले होते."

आक्का थेट वहिनींपुढे जाऊन उभी राहिली.

मग वहिनींनी सांगितलं. रडल्या नाहीत, थांबल्या नाहीत, जणू इतकी वर्षं मनात घोकूनच ठेवलं होतं. यादी आल्यावर सात महिन्यांनी, भर दुपारी, मागच्या दारानं दादा आला. वडील आणि अप्पा पितळेचा पत्रा आणायला परगावी गेले होते. घरात त्या आणि पंधरा महिन्यांचा मुलगा. दादाची दाढी वाढलेली, एका कानानं ऐकू येत नव्हतं. लढाईच्या दिवशी तंबूच्या खुंटीला टोपी आणि कोट अडकवून तो पाणी आणायला गेला होता. परत आला तर तोफेचा गोळा पडलेला, तंबू नव्हता आणि तंबूतली अकरा माणसं नव्हती. तो उभा राहिला, मग चालायला लागला. पळून जायचं असं काही ठरवलं नव्हतं म्हणे. पाय थांबलेच नाहीत, एवढंच. काही दिवसांनी त्याला कुणाकडून तरी कळलं की मेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव आहे.

"मी म्हटलं, राहा. म्हणाले, राहिलो तर पळपुटा. बाबांची मान खाली जाईल, पोराला लोक दगड मारतील. मेलेलाच बरा आहे मी तुम्हाला. दोन तास होते. मी बिल्ला दाखवला, तर म्हणाले, कडी तुटली की. खाली आले आणि जोडून दिली. हात थरथरत होते, टेबलाशी बसल्यावर थांबले."

"आणि ठिपके?" बारकीनं न राहवून विचारलं.

"मी म्हटलं, अहो, हे कशाला? कुणी बघेल. तर माझ्याकडे असं बघत राहिले, की मी काय विचारतेय ते त्यांना समजेचना."

अप्पांना ते दिसलं. अगदी डोळ्यांसमोर दिसलं. जगापासून लपलेला माणूस, कुणाला कळलं तर फासावर चढेल असा, आणि सांधा दिल्यावर हात आपोआप पंचाकडे जातोय. असली चूक दुसऱ्या कुणी केली नसती. असली चूक करायला या घरातच जन्माला यायला हवं.

आणि मग खोलीत जे वादळ उठलं ते आक्काचं होतं. बाबा तळमळत गेले, ती म्हणाली. तीन वर्षं अंथरुणावर दादाचं नाव घेत होते, आणि तू पायाशी बसून त्यांना पाणी पाजत होतीस, आणि तुला माहीत होतं. एक शब्द बोलली असतीस तर म्हातारा सुखानं मेला असता. मी दर वर्षी त्या तारखेला उपाशी राहते गं, एक्केचाळीस वर्षं, जिवंत माणसासाठी. वहिनी ऐकून घेत होत्या. पोस्टमास्तरनं आत्याला गप्प करावं असं बारकीला वाटलं, पण तो आत्याच्याच बाजूला जाऊन उभा राहिला. आईकडे पाठ करून.

"मी शहिदाचा मुलगा म्हणून शाळेत गेलो," तो म्हणाला. "नोकरी मला त्याच्यावर मिळाली. तू मला दर वाढदिवसाला त्या चौकटीसमोर उभं करायचीस, आई."

अप्पा अजून टेबलाशीच होते. त्यांच्या मनात जे चाललं होतं ते या कुणालाच ठाऊक नव्हतं, एक वहिनी सोडल्या तर. दादा लष्करात गेला कशासाठी? घरातल्या सगळ्यांच्या लेखी उत्तर ठरलेलं होतं. एका बड्या अधिकाऱ्याचा बिल्ला कारखान्यात आला होता, पॉलिशला. पॉलिश करताना गरुडाचा पंख मोडला. कुणीतरी तो गुपचूप झाळला, वरून नवा मुलामा चढवला, ठिपका दिला नाही, आणि धडधाकट म्हणून परत केला. संचलनात भर मैदानावर पंख गळून पडला. कारखान्याचं नाव गेलं. वडिलांनी दोन्ही मुलांना उभं करून विचारलं, आणि दादा म्हणाला, मी केलं. वडील म्हणाले, माझ्या डोळ्यांसमोरून चालता हो. आठवड्याच्या आत दादा भरती झाला.

"आक्का," अप्पा म्हणाले, "वहिनींना बोलू नकोस. तो पंख मी मोडला होता."

आक्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू तेही आत्ताच मागच्या दारानं आत आले होते.

"मी एकोणीस वर्षांचा होतो. घाबरलो. लपवला. बाबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून ब्र निघाला नाही, आणि दादानं नाव स्वतःवर घेतलं. वहिनींना तो सांगून गेला. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही." मग ते वहिनींकडे वळले, आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं वर आलं. "पण हे तरी सांगायचं होतंत मला. मी त्याला मारलं असं समजून जगलो मी. रोज. एकही दिवस सोडून नाही. लग्न केलं नाही पस्तिशीपर्यंत, कारण त्याचा संसार मी मोडला होता. दुसऱ्या देशातून बोलावणी आली, गेलो नाही, कारण त्याची जागा रिकामी राहील. तुम्ही रोज माझ्या ताटात वाढत होतात, वहिनी. आणि तुम्हाला माहीत होतं की तो मेलेला नाही."

वहिनींची मान पहिल्यांदाच खाली गेली.

"त्यांनी शपथ घातली होती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही शोधायला निघाला असतात, आणि तुमच्या मागोमाग शिपाई. हे एक. आणि खरं सांगू भावोजी? मला राग होता तुमच्यावर. माझा माणूस तुमच्यापायी गेला. म्हटलं, भोगू दे. तो राग कधी गेला ते मला कळलंच नाही, पण गेला तेव्हा बारकी शाळेत जायला लागली होती. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

बारकीनं मोठ्या काकूंना पाणी आणून दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

साडेतीन वाजून गेले होते. आक्का पहिली सावरली, आणि सावरली ती पार उलटी फिरून. कानस घे, ती अप्पांना म्हणाली, आणि घास दोन वेळा. ठिपके गेले की विषय संपला. तुझं नाव राहील, पोराचं नाव राहील, दादाचं भिंतीवर राहील. पंधरा मिनिटांपूर्वी जिला फाडून खायला निघाली होती त्याच वहिनीच्या खांद्यावर तिचा हात होता. पोस्टमास्तरचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. कानस नको, तो म्हणाला, कानशीचे ओरखडे दिसतील. त्यापेक्षा कागद तयारच आहे की. बारकीनं लिहिलेलाच आहे. दुरुस्ती कोणतीही नाही. काका, तुम्ही फक्त सही करा. काचेमागे एकदा गेला की पुढची शंभर वर्षं त्याची पाठ कोण बघतंय?

बोलणं बरोबर होतं त्याचं. खोटं कुणाला लिहावंही लागणार नव्हतं. ते सकाळीच लिहून झालं होतं, बारकीच्या सुवाच्य अक्षरात. खाली सहीची जागा तेवढी मोकळी होती.

"सही केलीत तर," बारकी म्हणाली, "मी उद्यापासून ठिपका देणार नाही. कशावरच."

"तू मध्ये बोलू नकोस," पोस्टमास्तर तिच्यावर खेकसला. "तुझा बाप भिंतीवर नाहीये."

अप्पांनी पेन उचललं. खरंच उचललं, खोटं कशाला बोला. पोराला त्यांनीच वाढवलं होतं, सायकल शिकवली होती, तापात रात्री जागवल्या होत्या. एक बाप त्याचा त्यांच्यामुळे गेला. आता दुसऱ्यांदा त्यांनीच न्यायचा? भिंतीवरून, भर सभेत? पण दुरुस्ती लपवून परत केलेला बिल्ला त्यांनी आयुष्यात एकदाच दिला होता, आणि त्याचे परिणाम या खोलीत बसलेले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "त्या दिवशी माझ्याबद्दल काही बोलला का तो?"

वहिनींनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"विचारलं त्यांनी. मला म्हणाले, धाकटा आता ठिपके देतो का? मी म्हटलं, देतो. चमच्याला झाळ लावून दिली तरी देतो. तेव्हा हसले. आल्यापासून तेवढं एकदाच हसले."

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. बारकीचा कागद त्यांनी आडव्या रेघेनं खोडला, तिच्याकडून कोरा मागून घेतला, आणि लिहायला लागले. कुणी त्यांना अडवलं नाही. पोस्टमास्तरनं एकदा हात पुढे केला आणि मागे घेतला.

संग्रहालयाच्या बाई चारला पाच कमी असताना आल्या. हसत आल्या, आणि दारातच त्यांचं हसू मावळलं, अशी तोंडं होती सगळ्यांची. अप्पांनी त्यांना खुर्ची दिली, बिल्ला उलटा ठेवला, कागद शेजारी ठेवला. बाईंनी वाचला. मग भिंग मागितलं, पाठ पाहिली, आणि पुन्हा कागद वाचला, या खेपेला ओठ हलवत.

'डावी कडी लष्कराच्या यादीनुसार तुटलेली होती. नंतर झाळलेली आहे. काम उत्तम. कारागीर माझा थोरला भाऊ. काळ, त्याच्या मृत्यूची नोंद झाल्यानंतर सात महिने.'

"हे मला कचेरीत द्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "आणि दिलं, तर भिंतीवरचं नाव..."

"उतरवा," अप्पा म्हणाले.

बाईंनी पोस्टमास्तरकडे पाहिलं. उद्घाटनाच्या पत्रिकेवर त्याचं नाव छापून झालं होतं. तो खिडकीपाशी उभा होता, शर्टाच्या खिशावर हात दाबून. तो आईकडे गेला. स्टुलासमोर उकिडवा बसला.

"त्यांनी मला घेतलं होतं का?" त्यानं विचारलं. "उचलून?"

"सगळा वेळ," वहिनी म्हणाल्या. "कडी जोडायला तेवढं खाली ठेवलं."

पोस्टमास्तर मान खाली घालून बसून राहिला. आक्का रडत होती, तोंडात रुमाल कोंबून. बाईंनी बिल्ला घ्यावा की ठेवावा, त्यांना कळत नव्हतं. मग पोस्टमास्तरनं मान वर केली, आणि अप्पांना वाटलं होतं तसा राग त्याच्या तोंडावर नव्हता. पत्ता पुसट झालेलं पाकीट हातात आलं की तो असाच डोळे बारीक करून बसायचा.

"त्यांचं वय काय असेल आता?"

वहिनींना पटकन सांगता येईना. अप्पांनाही. दादा या घरात सत्तावीस वर्षांचा होता. अप्पा तिशीत गेले, चाळिशीत गेले, म्हातारे झाले, आणि दादा सत्तावीसच राहिला. कितीतरी वर्षं अप्पाच त्याच्याहून मोठे होऊन बसले होते.

"अडुसष्ट," बारकी बोटांवर मोजून म्हणाली.

"मग असतील," पोस्टमास्तर म्हणाला. "अडुसष्ट म्हणजे काही फार नाही."

अप्पांनी टेबलाची कड घट्ट धरली. एकसष्टाव्या वर्षी, पांढऱ्या केसांनिशी, ते एकाएकी पुन्हा धाकटे झाले होते.